दुसरा पाना

जुनी बुलेट विकत घ्यायची असेल तर ती आधी उजव्या बाजूनं बघा. टाकीवरच्या सोनेरी रेघा सोडा, सायलेन्सरची चमक सोडा. सिलिंडरच्या कडेनं वर चढणारी एक बारीक नळी दिसेल, तिच्यापाशी वाका. सांधे कोरडे असतील तर गाडी जाणत्या हातात होती असं समजा. तेल आणि धुळीचा काळा लगदा बसला असेल तर भाव करताना निर्धास्त खाली या.

ही नळी इंजिनच्या डोक्यावरच्या रॉकरना तेल पोचवते. इंग्लंडमधल्या रेडिच गावात घडलेलं हे इंजिन 1955 नंतर मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरमध्ये बनू लागलं आणि बारीकसारीक फेरफार सोडले तर अर्धशतकाहून जास्त काळ बनतच राहिलं. 346 सीसी, 70 मिलिमीटरचा बोअर, 90 मिलिमीटरचा स्ट्रोक. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश मोटारसायकलींचं तेल वेगळ्या टाकीत असे आणि त्यासाठी लांबलांब नळ्या लागत. बुलेट बनवणाऱ्या एनफिल्डवाल्यांनी टाकी क्रँककेसच्या ओतकामातच घेतली. दोन-सव्वादोन लिटर तेल इंजिनच्या पोटातच राहिलं आणि तेवढ्या नळ्या वाचल्या. बाहेर उरली ती रॉकरची.

नळीच्या टोकाला एक चपटं कडं असतं. त्या कड्यातून जाणारा बोल्ट पोकळ असतो आणि त्याला आडवं भोक असतं. हा बॅन्जो बोल्ट. कड्याच्या वर एक आणि खाली एक असे तांब्याचे दोन वॉशर. बोल्ट आवळला की तांबं किंचित दबतं आणि सांधा बंद होतो. एवढंच. बोल्ट पोकळ असल्यामुळे त्याचा सगळ्यात अशक्त भाग आडव्या भोकापाशी असतो. जोर काढणारा माणूस तो नेमका तिथंच तोडतो.

मी नळी तोडली. मे महिना होता, मराठवाड्यातल्या उमरीचं ऊन, आणि वरच्या सांध्यातून तेलाचा थेंब येत होता. सावलीत गाडी लावून मी पाना घातला आणि आवळलं. थेंब थांबला नाही म्हणून आणखी आवळलं. बोल्ट फिरला, त्याच्याबरोबर कडंही फिरलं, आणि कडं जिथं नळीला जोडलेलं असतं त्या मानेत चीर गेली. आता थेंब नव्हता, धार होती.

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी नळी हातात घेऊन फिरवून बघितली. "काय करायलाव सर? एका पान्यानं आवळायलाव? नळी मेली नाही ही, मारली हिला."

नवी नळी नांदेडहून यायला दोन दिवस लागणार होते. मिस्त्री म्हणाले, डाग देऊन बघू. पुढचा तासभर मी स्टुलावर बसून जे पाहिलं ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये वाचलं नव्हतं. आधी नळी रॉकेलमध्ये बुडवून आतबाहेर धुतली, कारण तेलकट धातूवर झाळ धरत नाही. मान पॉलिश पेपरनं घासून पिवळी-पांढरी चकचकीत केली. मग गॅसची बारीक ज्योत आणि पितळेची काडी. चिरेवर पितळ पाण्यासारखं पळालं. मला वाटलं काम झालं. मिस्त्रींच्या लेखी खरं काम इथून पुढं होतं.

झाळ आत शिरली का, हा खरा प्रश्न. बाहेरून सुंदर दिसणारा डाग आतून अर्धी वाट बुजवून बसलेला असू शकतो. दाट तेल अरुंद नळीतून वाहतं तेव्हा भोकाची रुंदी भलतीच मोलाची असते : तोच दाब, तीच लांबी, पण सगळं भोक निम्मं झालं, तर तेल निम्मं येत नाही, सोळावा हिस्सा येतं. हे भौतिकशास्त्र मला शाळेत शिकवलं होतं, कळलं मात्र त्या स्टुलावर. मिस्त्रींनी सायकलची तार नळीतून आरपार घातली, आतली काजळी आणि खपल्या काढल्या, पुन्हा रॉकेल सोडलं, हवा मारली. शेवटी पंक्चरचं घमेलं ओढलं. नळीचं एक तोंड अंगठ्यानं दाबलं, दुसऱ्यातून हवा सोडली आणि डाग पाण्याखाली धरला. एकही बुडबुडा नाही.

मग वॉशर. ते दुकानात चिल्लर पैशाला मिळतात, तरी मिस्त्रींनी जुनेच घेतले. तांबं दाबलं, ठोकलं की ताठ होतं. तांबटाला हे पहिल्या दिवशी शिकवतात, म्हणून घडवता घडवता तो भांडं पुन्हा भट्टीत घालतो. वॉशरही एकदा आवळला की ताठतो आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाही. माझा थेंब त्यामुळे येत होता. त्याला जोर नको होता, ऊब हवी होती. वॉशर लालभडक तापवले, पाण्यात टाकले. पोलाद असं विझवलं तर कडक होतं, तांबं मऊच राहतं.

बसवताना मिस्त्रींनी उजव्या हातात पाना घेतला आणि डाव्या हातात दुसरा. दुसऱ्यानं कडं जागच्या जागी धरलं, पहिल्यानं बोल्ट आवळला. फार नाही. गाडी चालू केली, वरचा बोल्ट एक चिमूट सैल केला. काही क्षणांत तेल पाझरलं, म्हणजे ते डोक्यापर्यंत पोचतंय. पुन्हा आवळला, पुसला, झालं.

नंतर कळलं की नळी मारायचा हा रोग एकट्या बुलेटचा नाही. 1963 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसलेली पोर्शे 911 ही जगातल्या नावाजलेल्या स्पोर्ट्स कारपैकी एक. तिचं इंजिन मागे; त्या काळी ते हवेनं थंड होणारं, आणि तेलाची टाकी बुलेटसारखी पोटात नाही, वेगळी. पुढे जोरकस मॉडेलांत तेल थंड करायचा कूलर पुढच्या उजव्या मडगार्डमध्ये बसवला. म्हणजे तेलाला गाडीच्या मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं. त्यासाठीच्या दोन जाड नळ्या उजव्या दाराखालून, गाडीच्या पोटाजवळून जातात. जॅक लावायची जागा ठरलेली असते, पण घाईतला माणूस तो इकडेतिकडे लावतो आणि नळी चेपते. बाहेरून तेलाचा एक थेंबही गळत नाही, आत वाट अरुंद होते.

आणि नट! नळीचा मोठा नट, तेल कूलरकडे वळवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या थर्मोस्टॅटमध्ये बसतो. वर्षानुवर्षं पाणी, मीठ, चिखल खाऊन दोन वेगळे धातू एकमेकांना असे धरतात की पाना लावून जोर केला तर नट सुटत नाही, थर्मोस्टॅटचे आटे जातात. त्या गाड्यांचे जाणते कारागीर सरळ नट कापतात. नळी गेली तर नवी करता येते, थर्मोस्टॅट महाग. कुठला भाग मरू द्यायचा हे आधी ठरवणं, ही या कामातली खरी अक्कल.

आणखी एक गोष्ट दोन्ही गाड्यांना सारखीच लागू. इंजिनचं बेअरिंग फुटलं की धातूचा कीस तेलाबरोबर नळ्यांत, आणि कूलर असेल तर त्यातही, जाऊन बसतो. नव्या इंजिनला जुन्या, न धुतलेल्या नळ्या जोडल्या तर तो कीस पहिल्याच दिवशी नव्या बेअरिंगपाशी हजर होतो. गळणाऱ्या सांध्यावर लोक सोल्यूशन फासतात, त्याचंही तेच. बाहेरचा लगदा दिसतो, आत गेलेला तुकडा दिसत नाही, आणि तो नेमका बारीक भोकापाशी अडकतो.

2010 च्या आसपास बुलेटचं ओतीव लोखंडाचं इंजिन बंद झालं. नव्या इंजिनात तेलाच्या वाटा आतूनच काढल्या आहेत. जुन्या गाड्या मात्र उमरीत काय, सगळ्या मराठवाड्यात अजून धावतात. तुमच्या दारात त्यातली एखादी असेल आणि सांध्यावर थेंब दिसला, तर आधी वॉशर बदला. आणि मिस्त्री नळीला हात घालेल तेव्हा त्याच्या डाव्या हाताकडे बघा. तिथं दुसरा पाना नसेल तर गाडी तशीच ढकलत पुढच्या दुकानात न्या.