तान्ह्याचा पहिला नाताळ

वाशीम भागातल्या नाताळाची गोष्ट एका दवाखान्यापासून सुरू करावी लागते. चर्च ऑफ द नाझरीनच्या डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ साली अमेरिकेतून भारतात आल्या आणि १९३८ मध्ये वाशीमला, मिशनच्या जुन्या शाळेच्या इमारतीत, रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावं लागलं. बाळंतपण म्हटलं की बाई आणि मूल दोघांच्याही जिवाचा घोर लागायचा, असा तो काळ. डॉ. स्पायकर यांनी आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षं याच कामात घातली. दवाखान्याबरोबर परिचारिकांचं शिक्षणही इथे आलं. ज्या सणाच्या मध्यभागी एक नवजात बाळ आहे, तो सण या भागात बाळंतिणीच्या खोलीशेजारीच वाढला.

वाशीमहून अकोल्याकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर मालेगाव लागतं. नाशिक जिल्ह्यातलं नव्हे. हे मालेगाव जहांगीर, तालुक्याचं गाव. अकोला-वाशीम-हिंगोली आणि नागपूर-मेहकर-छत्रपती संभाजीनगर हे दोन जुने रस्ते इथे एकमेकांना छेदतात, आणि आता समृद्धी महामार्गही तालुक्यातून गेला आहे. ११ डिसेंबर २०२२ला त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, तेव्हापासून नागपूरची मैत्रीण सकाळी निघून दुपारच्या जेवणाला मालेगावात पोचू शकते. बाळाच्या पहिल्या नाताळात या गोष्टीला फार मोल आहे. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात जेमतेम एक. वसईसारखी गल्लीगल्लीत चांदण्या लटकलेली वस्ती मालेगावात नाही. इथे नाताळ घरातच होतो, आणि घर भरतं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, शाळेतल्या सहकाऱ्यांनी, दवाखान्यातल्या ड्युटीच्या मैत्रिणींनी. त्यांतले बहुतेक दिवाळीला याच घरी फराळाचं ताट पाठवणारे.

फराळाचं ताट नाताळात उलट दिशेनं जातं, इतकंच. मराठी ख्रिस्ती घरांत डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात करंज्या, शंकरपाळे, चकल्या, अनारसे यांचेच घाणे निघतात. केक असतो, पण तो एकटा नसतो. गोव्यात या दिवसांत नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंका होतात. त्यातली नेवरी म्हणजे आपल्या करंजीची सख्खी बहीणच.

गाण्यांचंही तसंच. ख्रिस्ती उपासनेत अभंग, ओवी आणि कीर्तन आणणाऱ्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव पहिल्या रांगेत येतं. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागलं. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ताच्या जीवनावरचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी हाती घेतलं, पण ते १९१९मध्ये गेले आणि काव्य अपुरं राहिलं. ते पूर्ण केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळेत बसून शिकायला कधी मिळालं नव्हतं. त्याही आधी, १६१६मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ओव्यांतलं ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झालं होतं. येशूच्या जन्माची कथा मराठीत सांगायला लागून चारशेहून अधिक वर्षं झाली आहेत. त्यामुळे नाताळच्या संध्याकाळी बाळाच्या आईनं इंग्रजी कॅरलऐवजी पाळणा म्हटला, तर तो परंपरेच्या जवळच जातो.

त्या पाळण्याला विज्ञानाचाही आधार आहे. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अवघ्या काही दिवसांच्या बाळांना विशिष्ट लयीत चोखणी चोखली की आईचा आवाज ऐकू येई, लय बदलली की परक्या बाईचा. बाळं आईचा आवाज मिळेल अशाच लयीत चोखायला शिकली. पहिल्या नाताळाची आठवण मोठेपणी कुणालाच राहत नाही. बहुतेकांची पहिली आठवण तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या आसपासची असते. पण त्या दिवशी खोलीत कोणाचा आवाज आहे आणि आपण कोणाच्या कुशीत आहोत, हे तान्ह्याला पक्कं कळतं. सगळा बेत आखायचा तो एवढ्यावर.

वऱ्हाडातल्या घरात नाताळचा देखावा मांडणं सोपं आहे, कारण देखाव्यातली प्रत्येक वस्तू इथल्या अंगणातली आहे. येशूचा जन्म गोठ्यातला. बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवल्याचं लूकच्या शुभवर्तमानात सांगितलं आहे. इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३मध्ये खऱ्या गवतानं भरलेली गव्हाण आणि खरे बैल-गाढव उभे केले, तेव्हापासून ही प्रथा जगभर पसरली. मालेगावात डिसेंबरात सोयाबीनची मळणी आटोपलेली असते, कुटाराचे ढीग लागलेले असतात. एका लाकडी खोक्याला आतून शेणमातीनं सारवायचं, वर ज्वारीच्या कडब्याचं छप्पर, खाली मूठभर कुटार. गव्हाण मातीची वळून दोन दिवस आधी सावलीत वाळवायची. उन्हात तिला तडे जातात. तान्ह्या पोळ्याला पोरांनी सजवलेला लाकडी बैल घरात असतोच, तो गव्हाणीशेजारी उभा करायचा. दुकानातला थर्माकोलचा गोठा याच्यापुढे फिका पडतो. आकाशकंदील बनवणाऱ्याला पाच टोकांची चांदणी नवी नाही: त्याच बांबूच्या कामट्या, तोच पतंगाचा कागद, तीच खळ.  दिवाळीचा कंदील उतरवाल तेव्हा कामट्या टाकून देऊ नका.

झाडाचं म्हणाल तर सूचिपर्णी झाडं वऱ्हाडात उगवत नाहीत. सुरूची फांदी, कुंडीतला अरोकेरिया किंवा बाजारातलं प्लास्टिकचं झाड, जे मिळेल ते चालतं. रांगत्या बाळाच्या घरात ते टेबलावर, भिंतीला सुतळीनं बांधून ठेवावं, कारण सात-आठ महिन्यांचं मूल हाताला लागेल ते ओढतं आणि ओढलेलं तोंडात घालतं. बर्फ म्हणून पसरलेला कापूस, चमकी, काचेचे गोळे, फुग्यांचे फुटके तुकडे हे सारं त्याच्या उंचीच्या वर हवं. सर्वांत घातक वस्तू सर्वांत लहान असते: वाजणाऱ्या शुभेच्छापत्रात आणि लुकलुकणाऱ्या छोट्या दिव्यांत बसवलेली चपटी, बटणासारखी बॅटरी. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजू शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करत न बसता १०८ला फोन करून थेट मोठा दवाखाना गाठावा.

बाळाचं वय काय, यावर बाकीचा बेत ठरतो. पहिला नाताळ येतो तेव्हा कुणी पंधरा दिवसांचं असतं, कुणी वर्षाला टेकलेलं. सरकारी लसीकरणात पेंटाव्हॅलेंट लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मिळते, डांग्या खोकल्याविरुद्धची लस तिच्यातच असते. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर. म्हणून तीन-साडेतीन महिन्यांच्या आतलं बाळ घरात असेल तर पाहुणे मोजकेच असावेत. सर्दी-खोकला असलेल्यानं फोनवरच बाळ पाहावं, आलेल्यांनी साबणानं हात धुवावेत आणि बाळाचे मुके कुणी घेऊ नयेत. हे आईला सांगता येत नाही, अवघडल्यासारखं होतं. बाळाच्या बाबांनी किंवा आजीनं दारातच सांगावं. मित्र असेल त्याला राग येत नाही.

डिसेंबरअखेर या भागात पहाटेचा पारा पुष्कळदा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. शेजारच्या आजी आल्या आल्या म्हणणारच, “झाक माय कान त्याचे, वारं लागते लेकराले.” आजींचं खरं आहे. बाजारातले लाल सांता-पोशाख बहुधा जाड, टोचऱ्या कृत्रिम कापडाचे असतात. आत सुती झबलं, डोक्याला मऊ टोपडं आणि वरून तो पोशाख फोटोपुरता, हे उत्तम. झोपताना मात्र टोपडं आणि पोशाख दोन्ही काढावेत, बाळ उताणं झोपवावं आणि तोंडावर दुपटं येऊ देऊ नये. जुन्या घरांतली एक गोष्ट मात्र आजींना समजावून बंद करायला हवी. दारंखिडक्या लावून कोळशाची शेगडी आणि ओव्याची धुरी हे तान्ह्यासाठी धोक्याचं आहे. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसांना तो उठूही देत नाही.

ताटाकडे वळू. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूधच, पाणीसुद्धा नको. जागतिक आरोग्य संघटनेचं हेच सांगणं आहे. त्यानंतरही वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, कारण मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे लहान बाळांना बॉट्युलिझम होऊ शकतो. जन्मघुटीत मध घालण्याचा रिवाज कितीही जुना असला तरी इथे डॉक्टरांचंच ऐकावं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यात दोन वर्षांपर्यंत वरून साखर घालू नये असंही आहे, म्हणजे केक आणि करंजी दोन्ही पाहुण्यांच्या वाट्याला. काजू-बदामाचे तुकडे आणि शेंगदाणे श्वासनलिकेत अडकतात, तेव्हा ताटं जमिनीवर मांडू नयेत.

मग बाळानं सणाला काय खावं? वऱ्हाडातला डिसेंबर त्याला उपाशी ठेवत नाही. आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात. सहा महिन्यांवरच्या बाळासाठी एका फाकेची साल सोलून, बी काढून, आतला गर बोटांनी कुस्करून चमच्यानं द्यावा. रस काढू नये; वर्षाच्या आत फळांच्या रसापेक्षा गरच बरा. पिकलेलं केळं कुस्करून त्यात नाचणीची खीर मिसळली आणि वाटीत थापली की बाळाचा केक तयार होतो. मोठ्यांसाठी तुरीच्या ओल्या दाण्यांची सोले-वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर. नागपूरहून आलेल्या माणसाला मालेगावात याहून चांगलं नाताळचं जेवण मिळायचं नाही.

आणि हे जेवण बाळाच्या आईनं रांधू नये. पहिल्या नाताळात मित्रांचं खरं काम इथे आहे. आधीच रात्रीची झोप तुटलेली, त्यातून सण आणि पाहुणे. पुष्कळ बायकांचा हा पहिला नाताळ स्वयंपाकघरातच संपतो. येणाऱ्यांनी डबे वाटून घ्यावेत: एकीनं भाजी, एकीनं भाकरी, कुणी बेकरीतून केक, आणि भांडी घासून झाल्यावरच सगळ्यांनी उठायचं. भेटवस्तू आणायची तर आधी विचारावं. लोकरीची कुंची, सुती लंगोटांचा जुडगा, चित्रांचं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, यांतलं काहीही बोलक्या बाहुलीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. नाहीतरी बाळ आतल्या वस्तूपेक्षा वरच्या चकचकीत कागदाशीच जास्त वेळ खेळतं.

सांताक्लॉजबद्दलही थोडं. ज्यांच्यावरून तो आला ते संत निकोलस चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा इथे बिशप होते, आणि गुपचूप मदत करण्याबद्दल त्यांची ख्याती होती. पण पांढरी दाढी लावलेला काका आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला परकाच वाटतो. सहा-आठ महिन्यांपासून मुलं अनोळखी चेहऱ्याला बिचकू लागतात. ती वाढीची चांगली खूण आहे. रडणाऱ्या बाळाला फोटोसाठी सांताच्या मांडीवर कोंबू नये. दाढी बाळासमोरच लावली आणि काढून दाखवली तर कधीकधी ते हसतंही.

वेळ दुपारची ठेवावी. चर्चची मुख्य उपासना सकाळी होते, आणि पाळकसाहेबांना घरी प्रार्थनेसाठी बोलवायचं असेल तर त्यांनाही दुपारनंतरच सवड मिळते. काही मंडळ्यांत बाळाचा बाप्तिस्मा होतो, काहींत समर्पण. नाझरीन मंडळीत दोन्हींना जागा आहे. घरच्या समारंभात मात्र छोटी प्रार्थना, एक पाळणा, एक अभंग आणि तासा-दीड तासात निरोप एवढंच असावं. बाळ डोळे चोळू लागलं, चेहरा वळवू लागलं, की आई त्याला घेऊन आतल्या खोलीत जाईल आणि बाहेरच्यांनी आवाज कमी करावा.

ख्रिस्ती परंपरेत नाताळ एका दिवसात संपत नाही. तीन ज्ञानी पुरुषांच्या आगमनाचा दिवस ६ जानेवारीला येतो आणि पुष्कळ घरांत गोठा तोवर मांडलेला असतो. पुढे आठवडाभरात संक्रांत, आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत शेजारच्या घरी बोरन्हाण. नाताळला डबा घेऊन आलेली शेजारीण आता आपल्या बाळासाठी बोलावणं करते आणि नाताळचं बाळ हलव्याचे दागिने घालून पाटावर बसतं. तिथेही काळजी तीच घ्यावी लागते. बोरं, चुरमुरे, हलवा आणि उसाचे करवे डोक्यावरून ओतल्यावर मोठी मुलं ते लुटायला धावतात. त्या धांदलीत बोराची बी किंवा हलव्याचा दाणा तान्ह्याच्या तोंडात जाऊ नये, म्हणून त्याच्या शेजारी एक मोठं माणूस फक्त त्याच्या हातांकडे बघत बसलेलं असावं.