कंटेनरची बांधणी आणि प्रॉक्सीची वाट

वसईच्या किल्ल्यास जमिनीच्या बाजूने एक आणि समुद्राच्या बाजूने एक असे दरवाजे आहेत. तटाच्या आत राहणाऱ्यास बाहेर जावयाचे तर दरवाजा कोठे आहे हे माहीत असावे लागे, आणि पहाऱ्यावर परवलीचा शब्द सांगावा लागे. आज अनेक कार्यालयांतील व महाविद्यालयांतील संगणकांची स्थिती काहीशी अशीच आहे. त्यांना इंटरनेटवर थेट जाता येत नाही. ‘प्रॉक्सी’ नावाच्या मध्यस्थ संगणकामार्फतच जावे लागते. ही व्यवस्था सुरक्षिततेसाठी योग्यच होय. परंतु तिची नोंद चुकीच्या जागी झाली, तर तीच असुरक्षिततेचे कारण बनते.

३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा व आसपासच्या ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. पुढे २०१५ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम झाला आणि ठरलेल्या मुदतीत सेवा देणे हे कायदेशीर कर्तव्य बनले. या सेवांचा मोठा भाग आता संगणकावर अवलंबून आहे. विरार येथे तयार झालेली आज्ञावली जव्हार किंवा मोखाडा येथेही तशीच चालावी, ही अपेक्षा त्यामुळे स्वाभाविक आहे.

कंटेनर म्हणजे काय?

ही अपेक्षा पुरी करण्याचे एक साधन म्हणजे ‘कंटेनर’. आज्ञावली आणि तिला लागणारी सर्व सामग्री एकाच पेटीत बंद करून ती पेटी कोणत्याही योग्य संगणकावर उघडावयाची, ही त्यामागील कल्पना. २०१३ मध्ये ‘डॉकर’ ही प्रणाली प्रसिद्ध झाल्यापासून ही पद्धत जगभर रूढ झाली. पेटी कशी बांधावी याची कृती ‘डॉकरफाइल’ या मजकुरात लिहिलेली असते. त्या कृतीबरहुकूम संगणक एकेक पायरी पार पाडतो आणि थरावर थर रचून ‘इमेज’ तयार करतो. चालविली जाते ती ही इमेज.

बांधणीच्या वेळी बरीच सामग्री इंटरनेटवरून आणावी लागते. प्रॉक्सीचा पत्ता ठाऊक नसेल, तर बांधणी अर्ध्यावरच थांबते. हा पत्ता सांगण्याची रूढ रीत म्हणजे ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल’. अर्थात आज्ञावली सुरू होताना तिच्या हाती दिलेली नाव आणि मूल्य अशी चिठ्ठी. ‘एचटीटीपी प्रॉक्सी’ व ‘एचटीटीपीएस प्रॉक्सी’ या चिठ्ठ्या कोणत्या मध्यस्थाकडे जावयाचे ते सांगतात. ‘नो प्रॉक्सी’ ही चिठ्ठी कोणत्या अंतर्गत पत्त्यांसाठी मध्यस्थाकडे जाऊ नये ते सांगते.

तीन टप्पे, तीन गरजा

नवशिक्याचा घोटाळा होतो तो येथे. पायाभूत इमेज आणण्याचे काम डॉकरची मुख्य सेवा करते. तिला प्रॉक्सीचा पत्ता स्वतंत्रपणे द्यावा लागतो. डॉकरफाइलमधील पायऱ्या चालतात त्या बांधणीच्या वेळी. त्यांना पत्ता वेगळा लागतो. तयार झालेला कंटेनर पुढे प्रत्यक्ष चालतो, तेव्हाची गरज तिसरी. पहिल्या टप्प्यावर दिलेली माहिती पुढच्या टप्प्यांस आपोआप मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

आणखी एक बारकावा असा : कंटेनरच्या आतून ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो कंटेनरच होय, बाहेरचा संगणक नव्हे. म्हणून प्रॉक्सी आपल्याच संगणकावर चालत असली, तरी तो पत्ता बांधणीत सामान्यतः उपयोगी पडत नाही. ही नावे काही आज्ञावल्या मोठ्या लिपीत, तर काही लहान लिपीत वाचतात. सबब दोन्ही रूपे देणे श्रेयस्कर. जावासारखी काही साधने या चिठ्ठ्यांकडे आपण होऊन पाहत नाहीत. त्यांना पत्ता त्यांच्या स्वतःच्या रीतीने द्यावा लागतो.

खरा धोका कोठे?

बांधणी अडली की घाईत एक सोपा उपाय केला जातो. डॉकरफाइलमध्येच ‘ईएनव्ही’ या आदेशाने प्रॉक्सीचा पत्ता, आणि पुष्कळदा त्यासोबत वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्दही, लिहून टाकला जातो. बांधणी पूर्ण होते आणि सर्वांना समाधान वाटते. परंतु ही चिठ्ठी आता इमेजमध्ये कायमची बसलेली असते. त्याचे परिणाम दोन. पहिला असा, की तीच इमेज दुसऱ्या कार्यालयात नेली असता ती तेथे नसलेल्या प्रॉक्सीचा शोध घेत बसते आणि सेवा ठप्प होते. दुसरा अधिक गंभीर : ज्याच्या हाती इमेज पडेल, त्याला एका साध्या आदेशाने परवलीचा शब्द वाचता येतो. पुढच्या पायरीत ते मूल्य रिकामे केले, तरी इमेजच्या इतिहासात जुनी नोंद शिल्लक राहते.

योग्य मार्ग फारसा कठीण नाही. ही मूल्ये बांधणीच्या आदेशासोबत ‘बिल्ड-आर्ग’ म्हणून द्यावीत. प्रॉक्सीची रूढ नावे डॉकरला आधीपासून ठाऊक असल्याने ती डॉकरफाइलमध्ये जाहीर करण्याची आवश्यकता नसते. आणि तशी ती जाहीर केली नाहीत, तर इमेजच्या इतिहासातही उमटत नाहीत. चालविण्याच्या वेळची मूल्ये ज्या त्या कार्यालयाने आपापल्या ठिकाणी द्यावीत.

कार्यालयांनी काय पाहावे?

संगणक-आज्ञावली स्वीकारताना अधिकाऱ्याने किंवा पंचायत सदस्याने पुरवठादारास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. इमेजच्या इतिहासात कोणाचा परवलीचा शब्द राहिला आहे काय? ही इमेज दुसऱ्या जागी, वेगळ्या प्रॉक्सीमागे चालवून पाहिली आहे काय? अंतर्गत पत्त्यांची ‘नो प्रॉक्सी’ यादी लिखित स्वरूपात दिली आहे काय? परवलीचा शब्द उघड झाल्याचे आढळल्यास केवळ इमेज नव्याने बांधून भागत नाही. तो शब्द तत्काळ बदलला पाहिजे. त्याचा गैरवापर होऊन प्रणालीत अनधिकृत प्रवेश झाला असेल, तर ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ते लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे.

महाविद्यालयीन शिक्षकांनीही विद्यार्थ्यांस हा पाठ पहिल्याच प्रात्यक्षिकात द्यावा. कारण प्रयोगशाळेत जडलेली सवयच पुढे कार्यालयात जाते. दाखल्यासाठी खिडकीशी उभ्या असलेल्या नागरिकास प्रॉक्सी म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याचा दाखला वेळेवर मिळावा आणि त्याची माहिती सुरक्षित राहावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. ती पुरी करावयाची, तर परवलीचा शब्द पहारेकऱ्यापाशीच राहिला पाहिजे. तो दरवाजावर लिहून ठेवता कामा नये.