तासांची रोजकीर्द

लक्ष्मीपूजनाला व्यापारी वहीची पूजा करतो आणि पाडव्याला नव्या वहीत पहिली नोंद करतो. रोजकीर्दीत जमा-खर्च असतो, खतावणीत माणसागणिक येणे-देणे असते. जुन्या पेढ्यांच्या ज्या थोड्याफार वह्या मला हाताळायला मिळाल्या, त्यांत तासांचा रकाना मात्र कुठे दिसला नाही. त्याची गरजच नव्हती. सकाळी दुकानाच्या फळ्या काढल्या की काम सुरू आणि रात्री लावल्या की बंद. वेळेचा हिशेब फळ्याच ठेवत होत्या.

पुण्यातल्या ‘दुपारी १ ते ४ बंद’ या पाटीवर आपण इतके विनोद केले आहेत, की ती पाटी नेमके काय काम करते हे बघायचे राहूनच गेले. ती दुकानदाराला जेवण आणि वामकुक्षी देते, हे झालेच. पण गिऱ्हाईक तिच्याप्रमाणे स्वतःची वेळ बदलते, ही त्याहून मोठी गोष्ट आहे. चार वाजता ते परत येते. कुरकुरत येते, पण येते.

मी साताऱ्यात राहून जुनी मराठी पुस्तके आणि जुने दिवाळी अंक विकतो. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेल्या या परंपरेतले अंक जमवणे हा आधी माझा अभ्यास होता. २०२० च्या टाळेबंदीत त्याचे दुकान झाले. दुकान म्हणजे एक मोबाइल, दोन कपाटे आणि स्वयंपाकघरातले टेबल. फळ्या नाहीत, त्यामुळे बंद होण्याची वेळही नाही. रात्री अकराला कोणी विचारते, ‘ह. ना. आपट्यांचे काही आहे का?’ आणि मी अंथरुणातून उठून कपाट उघडतो. असे चार वर्षे चालले. अभ्यासाची टिपणे तशीच पडून राहिली आणि आपण फार काम करतो, ही समजूत तेवढी वाढत गेली.

ती समजूत तपासावी म्हणून गेल्या वर्षी फेब्रुवारीत एक आठवडा वही घातली. काम बदलले की वेळ लिहायची, एवढाच नियम. आठवड्याअखेर माझे ६१ तास भरले. पुस्तके शोधणे, पाने मोजणे, कसर लागली आहे का ते बघणे यात १४ तास. वर्णने लिहिणे आणि फोटो यांत ९. पार्सले बांधणे ८, पोस्टाच्या फेऱ्या ६, हिशेब ३, किरकोळ ४. आणि निरोपांना उत्तरे देण्यात १७ तास! ज्याला मी काम समजतच नव्हतो, तेच सगळ्यांत मोठे काम निघाले. त्या आठवड्यात खर्च वजा जाता ९,६०० रुपये उरले होते. भागाकार केला, तासाला साधारण १५७ रुपये. वाईट नाही, असे वाटले.

वही टेबलावर उघडी होती. पत्नीने ती वाचली आणि विचारले, “अहो, यात माझे तास कुठे आहेत?”

नव्हतेच. मी पोस्टात गेलो की फोन ती घेते, पत्ते ती लिहिते, निम्म्याहून अधिक पार्सले तिने बांधलेली असतात. पुढच्या आठवड्यात तिने स्वतःच्या अक्षरात नोंद ठेवली, ती १९ तासांची भरली. त्या आठवड्यात विक्री जवळपास आधीइतकीच होती. आता तेच ९,६०० रुपये ८० तासांत वाटायचे होते, म्हणजे तासाला १२०. माझा ‘फायदा’ तिचे तास शून्य धरल्यामुळे फुगला होता. घरगुती व्यवसायाच्या हिशेबात ही चूक सर्रास होत असावी, कारण ती करणाऱ्याला ती चूक वाटत नाही.

इथून मी माझ्या सवयीप्रमाणे मागे गेलो. कामाच्या तासांना मर्यादा कुणी आणि कशी घातली, हे शोधू लागलो. मुंबईच्या कापडगिरण्यांत सुरुवातीची मर्यादा सूर्याने घातलेली होती. गिरणी उजाडताना सुरू होई आणि अंधारताना थांबे. उन्हाळ्यात दिवस लांबला की कामही लांबे. आठवड्याची सुट्टी मात्र ठरलेली नव्हती. १८८४ च्या सप्टेंबरात सत्यशोधक चळवळीतले, ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारच्या आयोगापुढे ठेवले. त्यातल्या मागण्या आज वाचताना साध्या वाटतात. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. सुट्टी मिळायला १८९० चा १० जून उजाडावा लागला. आपल्या रविवारला इतकी नेमकी जन्मतारीख आहे, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते.

पण मला त्यानंतरची गोष्ट अधिक शिकवणारी वाटली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची हद्द नाहीशी झाली. मागणी जोरात असलेल्या गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. दिव्याने कुणावर सक्ती केली नव्हती. त्याने फक्त अंधार हे कारण काढून घेतले. मग जे काम निसर्ग करत होता ते कायद्याला करावे लागले. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा आली, १९२२ ला आठवड्याला ६० तास, १९३४ ला बारमाही कारखान्यांना ५४, आणि १९४६ ला ४८. साठावरून अठ्ठेचाळिसावर यायला चोवीस वर्षे लागली.

मोबाइलने दुकानदाराचे तेच केले, जे विजेच्या दिव्याने गिरणीचे केले. फरक एवढाच, की माझ्यासाठी परळला सभा घेणारे कुणी नाही. माझा मालकही मीच आणि कामगारही मीच. दुकानांचा १९४८ चा मुंबई कायदा उघडण्या-बंद करण्याच्या वेळा आणि आठवड्याचा बंदवार ठरवत असे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने दुकाने वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवायला मुभा दिली आणि तासांची मर्यादा कामगाराच्या बाजूने ठेवली. स्वतःच्या घरात स्वतःसाठी राबणाऱ्याला यातला कोणताच कायदा घरी पाठवत नाही. तो घरीच असतो.

घरात काम आणि तरीही कामाला हद्द, असे उदाहरण आपल्याकडे आहे का? आहे, आणि ते फार जवळचे आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे ‘लिज्जत’ झाली. तिथली पद्धत पाहा. सकाळी केंद्रावर मळलेले पीठ मिळते, ते घरी न्यायचे, पापड लाटून वाळवायचे, दुसऱ्या दिवशी केंद्रावर द्यायचे आणि वणई घ्यायची. काम घरातच होते, मधे पोराला भरवणे होते, कुकर लावणे होते. तासांवर कुणाची नजर नाही. तरी दिवसाचे काम संपते, कारण पीठ संपते. घड्याळाऐवजी गोळ्याने घातलेली ही हद्द आहे. शिवाय वणई लाटणारीच्या हातात पडते, त्यामुळे तिची मेहनत हिशेबातून गळत नाही.

इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी १९६७ च्या एका निबंधात कामाप्रमाणे वेळ आणि घड्याळाप्रमाणे वेळ असा भेद मांडला आहे. शेतकरी, कोळी, घर सांभाळणारी बाई यांचा दिवस कामाने ठरतो, गिरणी कामगाराचा भोंग्याने. माझी अडचण अशी होती, की माझ्याकडे भोंगाही नव्हता आणि पिठाचा गोळाही नव्हता. अशा जागी काम किती पसरते, हे १९५५ साली पार्किन्सन यांनी थट्टेने दाखवले होते. रिकामा वेळ असलेल्या त्यांच्या म्हातारीला पुतणीला एक पोस्टकार्ड पाठवायला अख्खा दिवस लागतो. ती म्हातारी मला ओळखीची वाटली.

म्हणून आम्ही गोळे मळायला घेतले. पोस्टात रोज जाण्याऐवजी सोमवार, बुधवार आणि शुक्रवार ठरवले. आदल्या संध्याकाळी सहापर्यंत ज्याचे पैसे आले, त्याचे पार्सल दुसऱ्या दिवशी जाते. सहानंतरचे पुढच्या फेरीला. कापडी पिशवीत मावतील तेवढीच पार्सले एका फेरीत, कारण पिशवी भरली की टेबल रिकामे होते आणि त्यावर जेवता येते. फोटो सकाळी दहा ते बारा, खिडकीतला उजेड चांगला असतो तेव्हा. इथे सूर्य पुन्हा कामाला आला. वर्णने त्याच बैठकीत लिहायची, पुस्तक हातात असतानाच. नाहीतर तेच पुस्तक तीनदा कपाटातून निघते आणि तिन्ही वेळा धूळ तीच.

खरी लढाई निरोपांची होती. सतरा तास सलग नव्हते, दोन-दोन मिनिटांचे तुकडे होते, आणि नुकसान त्या दोन मिनिटांपुरते नसते. अर्धवट सोडलेल्या कामात लक्षाचा काही भाग अडकून राहतो आणि पुढचे काम त्यामुळे घसरते, असे सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये मांडले. मला त्याचा पुरावा वर्णनांतल्या चुकांत मिळाला. १९५२ चा अंक मी १९२५ चा लिहिला होता आणि तो परत आला होता. आता उत्तरे दुपारी एक ते दोन आणि संध्याकाळी सात ते आठ. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये दुकानाच्या वेळा आणि गैरहजेरीचा निरोप घालता येतो. तो मी मराठीत घातला, ‘आपला निरोप मिळाला, संध्याकाळी सातला उत्तर देतो.’ नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरेही ठेवली. ही माझी ‘१ ते ४ बंद’ची पाटी.

गिऱ्हाईक गेले का? काही गेले. दुर्मिळ अंकाला पहिला होकार देणारा तो घेऊन जातो, या धंद्याची ही रीत आहे, आणि संध्याकाळपर्यंत थांबायला काहींची तयारी नसते. एक संग्राहक रागावून कायमचे सुटले, त्याची मला अजून चुटपुट आहे. पण बाकीचे सातला येऊ लागले, पुण्याच्या दुकानात चारला यायचे तसेच. निरोपांचे तास सतरावरून आठाच्या आसपास आले. एरवीच्या आठवड्यात माझे ४४ तास भरतात, पत्नीचे ११. तिच्या तासांचे पैसे खर्चाच्या बाजूला तिच्या नावावर पडतात आणि खरोखर दिले जातात. यामुळे पुस्तकांच्या किमतीही सुधाराव्या लागल्या. वीस रुपयांची पुस्तिका विकणे हा तोटाच होता. इतके दिवस तो तिच्या खांद्यावर होता.

रविवार बंद ठेवण्याला मात्र माझाच विरोध होता, कारण नोकरदार वाचक रविवारीच फुरसतीत असतो. भांडण झाले. शेवटी बंदवार मंगळवार ठरला. त्या दिवशी फोन कपाटात जातो आणि मी टिपणे काढून बसतो. पहिले दोन महिने हात सारखा कपाटाकडे जायचा.

वर्षातल्या एका काळात ही सगळी घडी मोडते, आणि ती मोडू न देणे वेडेपणाचे होईल. दसऱ्यापासून घरोघर साफसफाई निघते, माळ्यावरचे गठ्ठे रद्दीत जातात, आणि रद्दीवाल्याचा फोन कधीही येतो. त्या तीन-चार आठवड्यांत जे हाती लागते त्यावर आमचे पुढचे सहा महिने चालतात. ही आमची सुगी. सुगीत शेतकरी ४८ तास मोजत नाही. म्हणून आठवड्याची सरासरी काढताना हे आठवडे वेगळे धरायचे आणि त्यांची भरपाई पौषात, विक्री थंडावते तेव्हा, करायची. गेल्या वर्षी मी फक्त पहिला भाग केला. पौषात भरपाई म्हणून कपाटे लावत बसलो, तेही कामच निघाले.

यंदा सुगीसाठी शेजारच्या गल्लीतल्या एका मुलाला महिनाभर रोजाने घेतले आहे. पुण्याहून गठ्ठे आणणे आणि झटकून लावणे त्याच्याकडे. पाडव्याला उघडायच्या वहीत पत्नीने आधीच रेघा मारून ठेवल्या आहेत. पहिला रकाना तिचा, दुसरा माझा, तिसरा त्याचा.