पाळीच्या दिवसांत काय वापरावे?

दिवाळीच्या सुमारास आपल्या वडवणी तालुक्यातून कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. भांडीकुंडी, सरपण, लेकरांचे कपडे, सारे आठवणीने बांधले जाते. पाळीची तयारी मात्र कुणी करीत नाही.

सुती कापड वाईट नाही. पण ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळले पाहिजे. घरी हे जमते. कोपीवर पाणी नाही, आडोसा नाही. मग लपवून वाळवलेले ओलसर कापड खाज व जंतुसंसर्गाला कारण होते. फडात त्यापेक्षा पॅड बरे. चार ते सहा तासांनी ते बदलावे, 'अजून भरले नाही' म्हणून दिवसभर ठेवू नये. सिलिकॉनचा कप बारा तासांपर्यंत चालतो, वर्षानुवर्षे टिकतो. हात स्वच्छ हवेत आणि पाळी संपल्यावर तो उकळावा लागतो. सवयीला दोन-तीन पाळ्या जातात, तेव्हा गावी असतानाच वापरून पाहावा.

अंगावरून जास्त किंवा पांढरे जात असेल तर भगिनींनी आधी औषधोपचार विचारावा. २०१९ साली शासकीय समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील १३,००० हून अधिक ऊसतोड स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. एका डॉक्टरने 'पिशवी काढा' म्हटले, तर दुसऱ्याला दाखवावे, शक्यतो सरकारी दवाखान्यात.