‘क्षीरसागर’ मावेल का?

ओरॅकलच्या डेटाबेसमध्ये आडनावासाठी २० मापाचा रकाना ठेवला आणि कुणी देवनागरीत ‘क्षीरसागर’ असं लिहिलं, तर ते नाव आत जातच नाही. डोळ्यांना अक्षरं पाचच दिसतात. यंत्र मात्र क, हलन्त, ष, वेलांटी असं सुटं सुटं मोजतं आणि त्याच्या हिशेबी चिन्हं होतात नऊ. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे एकूण २७. आणि वेगळं काही सांगितलेलं नसेल, तर ओरॅकलचा रकाना बाइटमध्येच मोजला जातो.

अशा गोष्टी पहिली नोंद पडण्याआधी ठरवायच्या असतात. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत तर डेटाबेस तयार करताना निवडलेली अक्षरं साठवण्याची (यूटीएफ-८सारखी) पद्धत नंतर बदलताच येत नाही. नवा डेटाबेस उघडून सगळा माल तिकडे हलवावा लागतो.

हे रकाने असतात तक्त्यांत. माहिती अशा तक्त्यांत ठेवायची आणि सामायिक रकान्यांनी एकमेकांशी जोडायची, ही कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. आज मोबाइलवर बटण दाबलं की मागणी सहसा थेट या तक्त्यांपर्यंत जात नाही. मध्ये वेबलॉजिक किंवा वाइल्डफ्लायसारखं मिडलवेअर असतं. त्यावर चालणारा प्रोग्राम मागणी तपासतो, ती डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत मांडतो आणि उत्तर घेऊन येतो.

खरी गफलत होते ती मिडलवेअर आणि डेटाबेस यांच्यामधल्या जोडण्यांच्या हिशेबात. पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस सुरू करतं, आणि ते खर्चिक काम आहे. म्हणून मिडलवेअर काही जोडण्या आधीच उघडून ठेवतं. स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडसारखंच हे: प्रवासी बसतो, उतरतो, रिक्षा पुन्हा रांगेत येते. याला ‘कनेक्शन पूल’ म्हणतात.

आता गणित पाहा. मिडलवेअरचे ८ सर्व्हर, प्रत्येकाच्या पूलमध्ये २० जोडण्या, एकूण १६०. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० आणि त्यातल्या ३ सर्वाधिकार असलेल्या सुपरयूझरसाठी राखीव. सगळे सर्व्हर एकदम भरात आले की नव्या जोडणीला नकार मिळतो. अशा वेळी मर्यादा हजारावर नेऊन टाकण्याचा मोह होतो. तो आवरायलाच हवा. प्रोसेसरचे कोअर आठच असतील, तर हजार जोडण्या त्या आठांसाठीच झगडणार आणि प्रत्येकीचं काम लांबणार. पूल लहान ठेवून मागण्यांना मिडलवेअरमध्येच क्षणभर रांगेत थांबवलं, तर काम सहसा लवकर उरकतं. सर्व्हर फारच वाढले, तर पीजीबाउन्सर नावाचा प्रोग्राम मध्ये बसवून थोड्या जोडण्या सगळ्यांत वाटून वापरता येतात.

राहिला अधिकारांचा प्रश्न. मिडलवेअरला सुपरयूझरचा पासवर्ड देणं सोयीचं वाटतं, पण प्रोग्राममधल्या एका फटीतून शिरलेल्याच्या हाती मग सगळं घर लागतं. तक्त्यांचा मालक एक यूझर असावा आणि मिडलवेअरचा दुसरा. त्या दुसऱ्याला वाचण्याची, भरण्याची, बदलण्याची मुभा पुरते. कुठून जोडणी करू द्यायची ते ठरवणाऱ्या पीजी-एचबीए नावाच्या फाइलमध्ये फक्त मिडलवेअरच्या यंत्रांचेच पत्ते लिहावेत.

कामाला सुरुवात होण्याआधी चाचणीच्या प्रतीवर तीन गोष्टी करून पाहाव्यात. ‘क्षीरसागर’ हे नाव भरावं. सगळे सर्व्हर एकाच वेळी चालू करावेत. मग मिडलवेअरच्याच यूझरने एखादा तक्ता पुसायचा प्रयत्न करावा. ‘मस्ट बी ओनर ऑफ टेबल’ असा नकार आला, म्हणजे अधिकार बरोबर वाटले गेले आहेत.