साडेसात गुण, पण कोणाचे?

अजिंठा गावातल्या माणसाला मल्टिप्लेक्समधला सिनेमा कधीच नुसत्या तिकिटाच्या पैशात पडत नाही. छत्रपती संभाजीनगर गाठायचं तर सिल्लोड-फुलंब्रीवरून नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. दुसऱ्या अंगाला जळगाव त्यामानाने जवळ, पण तेही साठ-सत्तर. चौघं निघाली की पेट्रोल, बाहेरचं जेवण, पॉपकॉर्न आणि अख्खा रविवार. एवढं करून सिनेमा रटाळ निघाला तर तो निवडणाऱ्याला घरी येईपर्यंत बोलणी खावी लागतात. म्हणून निघण्याआधी फोनवर रेटिंग पाहिलं जातं. साडेसात दिसले की गाडी निघते, पाच दिसले की बेत रद्द. या आकड्यावर आपण किती भिस्त ठेवतो, हे पाहिलं की तो तयार कसा होतो याची चौकशी करावीशी वाटते.

सर्वांत जास्त वापरात असलेलं रेटिंग आयएमडीबीचं. कॉल नीडम या ब्रिटिश सिनेवेड्याने १९९० मध्ये सुरू केलेली सिनेमांची ही यादी १९९८ पासून अ‍ॅमेझॉनच्या मालकीची आहे. खातं उघडलेल्या कोणालाही तिथे १ ते १० गुण देता येतात. सिनेमा पाहिला का, तिकीट कुठे आहे, असं कोणी विचारत नाही. दिसणारा आकडा ही साधी सरासरीही नसते. काही मतांना जास्त वजन, काहींना कमी, आणि ते कसं ठरतं हे मुद्दाम गुप्त ठेवलेलं. सूत्र उघड केलं तर लोक त्यातून पळवाट काढतील, हा त्यामागचा युक्तिवाद. तो मला पटतो.

सर्वोत्तम २५० सिनेमांच्या यादीचं सूत्र मात्र त्यांनी जाहीर केलेलं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक सिनेमाच्या खात्यात सरासरीइतक्या गुणांची २५,००० मतं आधीच पडली आहेत असं त्यात धरतात. समजा, एकूण सिनेमांची सरासरी ७ आहे. एखाद्या सिनेमाला ५,००० लोकांनी ९ गुण दिले, तरी या हिशेबात तो ७.३ वरच थांबतो. मतं लाखोंनी आली की मगच तो स्वतःच्या खऱ्या गुणांजवळ पोचतो. थोडक्या लोकांच्या कौतुकावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, एवढंच हे गणित सांगतं. सिनेमाच्या पानावर दिसणारं रेटिंग वेगळ्या पद्धतीने काढलेलं असतं, तेव्हा ही सावधगिरी तिथे आपल्यालाच बाळगावी लागते. शंभर-दोनशे मतांवर उभ्या असलेल्या ९.३ मध्ये निर्मात्याचे मेव्हणे किती, हे कळायला मार्ग नाही.

मतं भरपूर असली म्हणजे काम झालं असंही नाही. २०१४ मध्ये यशराजचा ‘गुंडे’ आला. १९७१ च्या युद्धाचं त्यातलं चित्रण बांगलादेशी प्रेक्षकांना अपमानकारक वाटलं. आपला मुक्तिसंग्राम म्हणजे भारत-पाकिस्तान युद्धाचं एक फलित, असं त्यात दाखवल्याचा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी आयएमडीबीवर मोहीम उघडली आणि हजारो लोकांनी एकेक गुण दिला. रेटिंग दोनच्याही खाली घसरलं आणि ‘गुंडे’ तिथे जगातला सर्वांत वाईट सिनेमा ठरला. तो काही थोर सिनेमा नव्हता, पण जगातला सर्वांत वाईटही नव्हता. २०२० च्या ऑगस्टमध्ये महेश भट्ट यांचा ‘सडक २’ हॉटस्टारवर आला, तेव्हा अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतरचा हिंदी सिनेमातल्या घराणेशाहीवरचा राग टिपेला पोचलेला होता. यूट्यूबवर त्याच्या ट्रेलरला कोटीहून जास्त नापसंती मिळाली आणि आयएमडीबीवरही तो तळाला गेला. २०२२ च्या मार्चमध्ये वारं उलटं वाहिलं. ‘द काश्मीर फाइल्स’ दहाच्या अगदी जवळ होता. मतदान नेहमीसारखं दिसत नसल्याने वेगळी मोजणी लावली आहे, अशी सूचना आयएमडीबीने लावली आणि आकडा आठच्या घरात आला. दिग्दर्शक विवेक अग्निहोत्री यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली.

तिन्ही वेळी लोकांनी मत दिलं ते खरंच होतं. फक्त ते सिनेमाबद्दल नव्हतं.

अशा वेळी आकड्याशेजारी असलेला मतांचा आलेख उपयोगी पडतो. तिथवर फारसं कोणी जात नाही. शंभर जणांनी सहा-सहा गुण दिले तरी सरासरी ६ आणि पन्नास जणांनी १०, पन्नास जणांनी २ दिले तरी सरासरी ६ च. पहिला सिनेमा बघून कोणी भारावणार नाही आणि भांडणारही नाही. दुसरा तुम्हाला एक तर फार आवडेल किंवा मध्यंतरात उठावंसं वाटेल. खरी माहिती या आकारात असते, सरासरीत ती पुसली जाते. टोकांनाच गर्दी आणि मध्ये शुकशुकाट असेल तर मोहीम झाली असावी असं धरून चालावं. मध्ये फुगवटा असेल तर लोक सिनेमा बघून आलेले असण्याची शक्यता बरीच.

रॉटन टोमॅटोज हे अमेरिकी संकेतस्थळ तर वेगळंच काही मोजतं, आणि आपल्याकडे त्याचा हमखास चुकीचा अर्थ लावला जातो. तिथली टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. किती टक्के समीक्षकांनी सिनेमाला बरं म्हटलं, एवढंच ती सांगते. सगळ्यांनी ‘ठीक आहे’ म्हटलं तरी १०० टक्के. साठ गाठले की लाल टोमॅटो. म्हणजे निरुपद्रवी सिनेमाला तिथे नव्वद टक्के मिळू शकतात आणि धाडसी सिनेमा पंचावन्नवर अडकू शकतो.

रेटिंग दाखवणाऱ्याचा धंदा काय, हेही पाहायला हवं. अमेरिकेत ऑनलाइन तिकिटं विकणाऱ्या फँडँगोचं २०१५ मध्ये एका पत्रकाराने पितळ उघडं पाडलं. तिथले तारे अर्ध्या-अर्ध्या टप्प्यात दिसायचे आणि ४.१ चे साडेचार व्हायचे. पूर्णांकन नेहमी वरच्याच बाजूला. तीनपेक्षा कमी तारे असलेला सिनेमा तिथे शोधूनही क्वचित सापडायचा. गंमत अशी, की दुसऱ्याच वर्षी रॉटन टोमॅटोज फँडँगोच्याच ताब्यात गेलं. आपल्याकडे बुकमायशोवर प्रदर्शनाआधी ‘एवढ्या लोकांना रस आहे’ असा आकडा झळकतो. तो जाहिरातीचा गाजावाजा मोजतो. सिनेमा तोवर कोणी पाहिलेलाच नसतो.

मराठी सिनेमाची अडचण आणखी निराळी, आणि ती समजायला अजिंठ्याच्या परिसराइतकी सोयीची जागा नाही. इथल्याच सोयगाव तालुक्यातलं पळसखेडे हे कवी ना. धों. महानोरांचं गाव. त्यांची गाणी असलेला ‘जैत रे जैत’ १९७७ चा. आज त्या सिनेमाला गुण द्यायला कोण जातं? ज्यांच्या मनात तो अजून वाजतो आहे ते. ज्यांना तो कंटाळवाणा वाटला, ते इतक्या वर्षांनी राग काढायला येत नाहीत. जुन्या सिनेमांची रेटिंगं अशी आपोआप गोड होतात.

महानोरांचीच गाणी, पु. ल. देशपांडे यांची पटकथा आणि जब्बार पटेलांचं दिग्दर्शन असलेला ‘एक होता विदूषक’ १९९२ चा. लक्ष्मीकांत बेर्डे पडद्यावर म्हणजे हसायचं, अशा तयारीने आलेल्या प्रेक्षकासमोर एका कलावंताची शोकांतिका उलगडत गेली. तिकीटबारीवर तो चालला नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत मात्र सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. तेव्हा स्मार्टफोन असते तर पहिल्या शुक्रवारच्या रात्री काय गुण पडले असते याची कल्पना करता येते. ते गुण अपेक्षाभंगाचे असते. पहिल्या तीन दिवसांतल्या रेटिंगमध्ये हा भाग मोठा असतो, म्हणून घाई नसेल तर सोमवार उजाडू द्यावा.

आणि मग खुद्द ‘अजिंठा’. महानोरांच्या याच नावाच्या दीर्घकाव्यावरून नितीन चंद्रकांत देसाई यांनी काढलेला हा सिनेमा ११ मे २०१२ रोजी आला. लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करायला १८४४ मध्ये नेमलेला मद्रास फौजेतला अधिकारी रॉबर्ट गिल आणि इथली पारो यांची ही कहाणी. गिल झाला फिलिप स्कॉट वॉलेस, पारो झाली सोनाली कुलकर्णी, संगीत कौशल इनामदारांचं. पारोची कबर अजिंठा गावात आहे आणि गिलच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. एवढा ऐवज असलेल्या सिनेमाकडे प्रेक्षकही वेगवेगळ्या ओढीने येतो. कोणी देसाईंचं कलादिग्दर्शन बघायला, कोणी महानोरांचे शब्द ऐकायला, कोणी नुसती प्रेमकथा म्हणून, आणि इतिहासाचा अभ्यासक चुका टिपायला. यातल्या एकाचे नऊ आणि दुसऱ्याचे चार मिळून जे साडेसहा होतात, ते दोघांपैकी कोणाचंच मत नसतं. त्यात मराठी सिनेमाला पडणारी मतं मुळात थोडी. ‘सैराट’सारखे अपवाद सोडले तर मोठा आलेख तयारच होत नाही. ‘आपला सिनेमा जगला पाहिजे’ म्हणून उदारपणे दिलेले दहा गुणही त्यातच मिसळलेले. त्यामुळे हिंदी किंवा इंग्रजी सिनेमाच्या साडेसाताशी मराठीच्या साडेसाताची तुलना मी करत नाही.

त्यापेक्षा दोन-तीन समीक्षक धरून ठेवलेले बरे. ते पटलेच पाहिजेत असं नाही. ज्याची आवड तुमच्या बरोबर उलट आहे आणि जो कारणं देऊन लिहितो, असा समीक्षकही फार कामाचा. ‘संथ आहे, काही घडतच नाही’ असं त्याने लिहिलं की तुम्ही निश्चिंत मनाने तिकीट काढावं.

छत्रपती संभाजीनगरात दर जानेवारीत भरणाऱ्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात या सगळ्याची खरी परीक्षा होते. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या नावाने तिथे जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. २०२४ मध्ये तो जावेद अख्तर यांना आणि २०२५ मध्ये सई परांजपे यांना मिळाला. कार्यक्रमपत्रिकेतल्या कित्येक सिनेमांना रेटिंग जवळपास नसतंच, असलं तरी मूठभर मतांचं. एकाच वेळी दोन पडद्यांवर दोन अनोळखी देशांचे सिनेमे लागलेले असतात आणि हातातला फोन काही सांगत नाही. मग देश, दिग्दर्शकाचं आधीचं काम, चार ओळींचा सारांश आणि आदल्या खेळाहून बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे यांवर निवड करावी लागते. स्पर्धेतल्या भारतीय सिनेमांतून सुवर्ण कैलास पारितोषिक ठरवणारे परीक्षकही मोजकेच. म्हणजे आयएमडीबीच्या हिशेबात मतं नगण्य. पण त्यांची नावं जाहीर झालेली असतात, त्यांनी आजवर काय केलं हे ठाऊक असतं आणि सिनेमा त्यांनी शेवटपर्यंत पाहिलेला असतो. निकाल पटला नाही तर नेमकं कोणावर चिडायचं, हेही तिथे माहीत असतं.