कोठडीतला मृत्यू आणि भरपाईची वाट

सांगलीत, शहर पोलीस ठाण्यात, नोव्हेंबर २०१७ मध्ये अनिकेत कोथळे या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. लूटमारीच्या गुन्ह्यात त्याला पकडलं होतं. मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला आणि आरोपी पळाल्याचा बनाव रचला, असा आरोप पोलिसांवरच आला. खुनाचा गुन्हा दाखल झाला, तपास सीआयडीकडे गेला.

फौजदारी खटला दोषीला शिक्षा देईल. पण ज्यांचा कर्ता मुलगा गेला, त्या घराचं काय?

सरकारवर दिवाणी दावा लावायचा तर आधी नोटीस देऊन दोन महिने थांबायचं, मग वर्षानुवर्षं तारखा. शिवाय १९६४ चा कस्तुरीलाल निकाल आडवा येई. मेरठ पोलिसांनी जप्त केलेलं सोनं घेऊन हवालदार पाकिस्तानात पळाला, तरी पोलिसांचं काम हे राज्याचं सार्वभौम काम आहे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं नाही.

कोंडी फुटली ती मूलभूत हक्कांसाठी थेट वरच्या न्यायालयात करता येणाऱ्या रिट याचिकेमुळे. निर्दोष ठरूनही १४ वर्षं तुरुंगात सडलेल्या बिहारच्या रुदुल शाहला १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थेट भरपाई दिली. पुढे ओडिशाच्या नीलाबती बेहेरा यांनी न्यायालयाला नुसतं पत्र लिहिलं; तेच याचिका मानलं गेलं. त्यांच्या २२ वर्षांच्या मुलाला पोलिसांनी चौकीत नेलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वे रुळांवर सापडला होता. १९९३ मध्ये दीड लाखाचा आदेश झाला. जगण्याचा हक्क सरकारनेच तुडवला, तर ‘हे सार्वभौम काम होतं’ ही सबब चालणार नाही, हे त्या निकालाने पक्कं केलं.

अमेरिकेत १८७१ च्या कायद्याने अधिकाऱ्यावर आणि १९७८ पासून शहरावरही दावा लावता येतो. पोलिसांच्या हातून मारल्या गेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या कुटुंबाला मिनियापोलिस शहराने २०२१ मध्ये २ कोटी ७० लाख डॉलर दिले. पण तिथेही, इथेही पैसा जातो करदात्याचा. दोषी अधिकाऱ्याच्या पगारातून वसुली झाल्याशिवाय ठाण्यातला हात आवरणार नाही, असं मला ठामपणे वाटतं.

याचिकेसाठी आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. सांगली-सातारा त्याच्याच कक्षेत. मात्र पुरावा पहिल्या दिवसापासून मागावा लागतो. कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी बंधनकारक आहे. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण किमान वर्षभर जपावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. ते जपून ठेवण्याचा लेखी अर्ज त्याच आठवड्यात द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.